सासऱ्यांचं जेवण झालं का?

आमच्या सासूबाई मेलेल्या नवऱ्यालासुद्धा निवांत जेवू देत नाहीत. दर वर्षी एप्रिलच्या सुमारास, चिंगमिंगला, म्हणजे चिनी लोकांच्या पितरांच्या सणाला, उन्हं चढायच्या आत आम्ही इथे सिंगापूरच्या उत्तरेला, यिशुनच्या बाजूला सासऱ्यांना जेवू घालायला जातो. सासरे तिथे एका भिंतीतल्या कोनाड्यात असतात, म्हणजे त्यांच्या अस्थींचा कलश असतो. वर दगडी झाकण, झाकणावर सासऱ्यांचा फोटो आणि शेजारी सासूबाईंचं नाव आधीच कोरून लाल रंगवून ठेवलेलं. बाई जिवंत आहे तोवर लाल, गेली की सोनेरी. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी नजर दुसरीकडे वळवली होती. सासूबाई मात्र दर वर्षी ओल्या फडक्याने स्वतःचं नाव नवऱ्याच्या नावापेक्षा जास्त निगुतीने पुसतात.

मी पुण्याची, आणि नवरा इथला, चिनी. एकाच ऑफिसात हिशेब तपासता तपासता आमचं जमलं. माझ्या आईने वर्षभर फोन उचलला नाही आणि त्याच्या आईने उचलून ठेवून दिला, एवढाच काय तो दोन्ही घरांतला फरक. लग्नानंतर आंग मो किओच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं राहायला लागलो: सासूबाई, नवरा, मी आणि नवऱ्याची मोठी बहीण. तिला सगळे 'जिए' म्हणायचे. मोठ्या बहिणीला मारायची हाक, आपल्या 'ताई'सारखी. मीही जिएच म्हणायचे. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते. त्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा जिएने नोकरी सोडली आणि शेवटपर्यंत त्यांचं सगळं एकटीने केलं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं. लग्न राहिलं ते राहिलंच. त्याबद्दल सासूबाई तिला काय म्हणायच्या ते सांगितलं तर तुम्हाला खरं वाटायचं नाही. चिनी लोकांत म्हण आहे, लग्न झालेली मुलगी म्हणजे दाराबाहेर फेकलेलं पाणी. सासूबाईंनी त्याला स्वतःची जोड दिली होती. पाहुण्यांसमोर, जिए चहा देत असताना, हसत म्हणायच्या, "आणि न फेकलेलं पाणी? त्याला वास सुटतो."

जिए पण हसायची. मला मात्र कप भिंतीवर आपटावासा वाटायचा.

चिंगमिंग हा खरं तर वसंताचा सण. तिकडे चीनमध्ये थंडी सरते, आभाळ स्वच्छ होतं, शेतात पेरणी सुरू होते, लोक पतंग उडवतात, कोवळ्या गवतावरून फिरून येतात आणि जाताजाता थडगी झाडून घेतात. इथे सिंगापूरला कसला आलाय वसंत! बारा महिने तीच घामाची धार. गवत नगरपालिकेसारखं कोणीतरी कापून जातं. थडगीसुद्धा फार राहिली नाहीत, जागाच नाही, म्हणून भिंतीतले कोनाडे. तरी सण आपला पंचांगातल्या सूर्याला धरून बरोबर येतो आणि अख्खं शहर कोंबड्या उकडून, संत्री घेऊन, वर पोचवायला जाळायचे कागदाचे कपडे पिशव्यांत भरून पितरांकडे निघतं. हे मला पहिल्या वर्षीच ओळखीचं वाटलं. पितृपक्षच की हा, फक्त वडे-खिरीच्या जागी भाजलेलं डुक्कर.

आणि कावळा? कावळाही आहे. तोच तर या सगळ्याचा कळीचा भाग.

कोनाड्यासमोर जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून सगळं मांडायचं. चहाचे पेले, भात, उकडलेली कोंबडी, डुकराच्या मांसाचा तुकडा, फुललेले तांबडे केक, आणि सासऱ्यांना आवडायची म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत दोरी बांधून आणलेली, बर्फ घातलेली बिनदुधाची कोपी, म्हणजे इथली कॉफी. उदबत्त्या लावायच्या. मग गेलेल्या माणसाला जेवायला पुरेसा वेळ द्यायचा आणि विचारायचं, जेवण झालं का? उत्तर मिळतं दोन नाण्यांवर. नाणी जमिनीवर टाकायची. एक छापा, एक काटा पडला तर 'हो, झालं'. दोन्ही सारखी पडली तर 'नाही, अजून जेवतोय'. 'नाही' असेल तोवर ताट उचलायचं नाही आणि कागदाचे कपडे जाळायचे नाहीत. थांबायचं आणि पुन्हा टाकायची. आमच्याकडे माझ्या आजोबांच्या दहाव्याला कावळा शिवेना तेव्हा घाटावर लोक कसे पिंडाला हात जोडून एकेक वचनं देत होते ते मला आठवतं. हे तसंच. फरक इतकाच, की शेवटी आपल्याकडे भटजी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात आणि सुटका करतात. चिनी लोकांत दर्भाचा कावळा नाही.

आमच्या घरात मात्र होता. जिए.

त्याचं असं. सासूबाईंची एक पद्धत होती. "च्या पा बोए?" असं त्या फोटोला दरडावून विचारायच्या, म्हणजे पोट भरलं का, नाणी टाकायच्या, आणि लगेच बघायच्या नाहीत. आधी डोळे मिटून, हात जोडून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायच्या, मग डोळे उघडायच्या. तेवढ्यात जिए, जी पेले सारखे करण्याच्या निमित्ताने शेजारीच उकिडवी बसलेली असायची, नाणी सारखी पडली असली तर एका बोटाने एक नाणं पालथं करायची. झालं. सासरे जेवले. पहिल्यांदा मी ते बघितलं आणि मला ठसका लागला. जिएने माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला. नंतर कॉफी पिताना म्हणाली, "पापा भरभर जेवायचे गं. आणि या उन्हात आईला चक्कर आली तर मलाच उचलायचं आहे ना." तेव्हापासून आमची अळीमिळी गुपचिळी.

सासूबाईंना मात्र त्याचा केवढा तोरा! शेजारच्या कोनाड्यापाशी लोक पुन्हा पुन्हा नाणी टाकत घामाघूम झालेले असायचे, आणि या त्यांच्याकडे बघत म्हणायच्या, "आमचा माणूस माझ्या शब्दाबाहेर नाही. विचारलं की सांगतो."

या सणाची मूळ गोष्ट मला जिएनेच सांगितली. एकदा तिथून परतताना सेरंगूनला मॉलच्या खाली जेवायला थांबलो होतो तेव्हा. फार जुनी गोष्ट आहे. एक राजपुत्र देशोधडीला लागला. रानात उपाशी मरायची वेळ आली तेव्हा त्याच्या एका सेवकाने स्वतःच्या मांडीचं मांस कापून त्याला रस्सा करून पाजला. पुढे राजपुत्राला राज्य मिळालं. सगळ्यांना इनामं वाटली, आणि नेमका हाच विसरला. सेवक काही बोलला नाही. म्हाताऱ्या आईला घेऊन डोंगरात निघून गेला. मग राजाला आठवण झाली, लाज वाटली. डोंगराच्या पायथ्याशी येऊन त्याने हाका मारल्या. हा येईना. कोणीतरी सल्ला दिला, तीन बाजूंनी रान पेटवा, आईला घेऊन चौथ्या बाजूने आपोआप बाहेर येईल. पेटवलं. तो आला नाही. आग विझल्यावर एका जळक्या झाडाच्या बुंध्याला धरून दोघं सापडली, माय आणि लेक. राजा रडला म्हणे. त्या दिवशी कुणी चूल पेटवायची नाही, गार अन्न खायचं, असा हुकूम काढला. दुसऱ्या दिवशी थडगं झाडायला गेला. ते हे चिंगमिंग.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," असं मी मराठीतच पुटपुटले. आणि नवऱ्याला म्हणाले, "माणूस बाहेर यावा म्हणून त्याला जाळायचं? ही काय रीत झाली?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. माशाचा काटा दातातून काढत म्हणाल्या, "राजाने हाक मारली होती ना? राजाने आणखी काय करायचं? हा माज. आला असता बाहेर तर काय झिजला असता?"

"आईपण जळली त्याची," जिए म्हणाली.

"त्या आईला विचारलं होतं का कुणी?" सासूबाई म्हणाल्या आणि माशाचं डोकं जिएच्या ताटात टाकलं. ते तिला आवडायचं. एवढं मात्र त्या कधी विसरायच्या नाहीत.

मग जिएला कॅन्सर झाला. आतड्याचा, कळला तेव्हाच पसरलेला. केमो झाली, केस गेले, अंगावरचं मांस गेलं. तिने रडारड केली नाही. एकच गोष्ट मागितली. सासऱ्यांच्या कोनाड्याला लागूनचा कोनाडा रिकामा होता. तो मला घ्या, म्हणाली, पापांच्या शेजारी ठेवा.

सासूबाई तेव्हा टीव्ही बघत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "नाही."

बिनलग्नाच्या मुलीला माहेरच्या पितरांच्या रांगेत जागा नसते, ही जुनी समजूत. ती सासरची व्हायला हवी होती, झाली नाही, मग ती कुणाचीच नाही. हल्ली असलं कोण मानतं? शेजारपाजारच्या बायका म्हणाल्या, अहो, आता सगळे ठेवतात. नवरा? नवऱ्याची हाताची घडी, तोंडावर बोट. "आई ठरवेल," एवढंच तीन-तीनदा. मी जिएला म्हटलं, अगं, विचारतेस कशाला, आपण घेऊन टाकू. ती म्हणाली, "मी काय चोरून शिरू तिथे?" आणि मग आईकडे वळून, अगदी शांतपणे, "तुला नको असेल तर पापांना विचार. ते नाही म्हणाले तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

सासूबाईंनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. विचारते."

मला तर इतका आनंद झाला की स्वयंपाकघरात जाऊन मी ओट्यावर थाप मारली. पापांना विचारायचं म्हणजे नाण्यांवर, आणि नाणी कुणाच्या बोटावर चालतात ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. जिंकलोच की!

त्या चिंगमिंगला जिएला व्हीलचेअरवर नेलं. पण कोनाड्यासमोर ती हट्टाने उतरली आणि नेहमीच्या जागी वर्तमानपत्राच्या कडेला बसली. सुया टोचून हाताच्या शिरा काळ्यानिळ्या झालेल्या. जेवणाचा प्रश्न झाला, नाणी एक छापा एक काटा पडली, आपसूकच. मग सासूबाईंनी नाणी उचलली, कपाळाला लावली, फोटोला म्हणाल्या, "ही तुझी मुलगी. शेजारी यायचं म्हणते. येऊ दे का?" आणि टाकली.

दोन्ही काटा. सासूबाईंनी डोळे मिटून हात जोडले.

जिएचा हात पुढे गेला. मी बघितला. बोट नाण्यापर्यंत पोचलं आणि थांबलं. मग तिने हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. मी भुवया उडवल्या, मान हलवली, तोंडाने नुसतं 'अगं!' केलं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती सासऱ्यांच्या फोटोकडे बघत होती.

सासूबाईंनी डोळे उघडले. "नाही म्हणतो." मोठी गोष्ट असली की तीनदा विचारायची रीत आहे, म्हणून पुन्हा टाकली. दोन्ही छापा. डोळे मिटलेले. जिए ढिम्म. तिसऱ्यांदा पुन्हा दोन्ही सारखी, आणि या वेळी सासूबाई इतका वेळ डोळे मिटून बसल्या की मला वाटलं, म्हातारीला डुलकी लागली की काय. मी स्वतः वाकून नाणं फिरवणार होते, पण मी उभी होते पलीकडे, आणि मधे कोंबडी, भात, पेले, सगळा संसार मांडलेला. पोचेपर्यंत त्यांनी डोळे उघडले.

"बघितलंस?" त्या जिएला म्हणाल्या. आवाज असा होता, जसं काही जिएनेच त्यांचं काही मोडलं होतं. "तीनदा विचारलं. तीनदा. बांध ती कोंबडी."

आणि जिएने कोंबडी बांधली! मरायला टेकलेल्या बाईने, प्लॅस्टिकच्या डब्यात. मला आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

गाडीत सासूबाई आणि नवरा पुढे, आम्ही दोघी मागे. मी तिच्या कानात फणफणले, "हात आखडला का? इतकी वर्षं करतेस ना?"

"ते जेवणाचं वेगळं," ती म्हणाली. "पापा जेवले काय, न जेवले काय, कोण बघतंय? पण हे मला खरंच कुणीतरी म्हणायला हवं होतं. मीच नाणं फिरवून मीच आत जाऊन बसू? कायमची?" मग म्हणाली, "आईने नुसतं तोंडाने म्हटलं असतं ना, ये म्हणून. मग पापांनाही विचारलं नसतं मी."

पुढच्या सीटवरून सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला एसी कमी करायला सांगितला.

जिए पावसाळी हवेच्या एका दुपारी गेली. जायच्या आधीच सांगून ठेवलं होतं, कोनाडा नको, रक्षा बागेत टाका. तशी बाग आहे इथे. खडे पसरलेली अरुंद पट्टी असते, तीत राख ओतायची आणि झारीने पाणी घालायचं. राख खाली मुरते. पाटी नाही, नाव नाही, फोटो नाही, पुढच्या वर्षी कुठे उभं राहायचं तेही कळत नाही. झारी मी धरली होती. नवरा रडत होता. आता रडून काय उपयोग, असं मी त्याला तिथेच म्हटलं, आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही.

सासूबाई आल्या नाहीत. पांढऱ्या केसांनी काळ्या केसांना पोचवायला जायचं नसतं, अशी रीत आहे म्हणे. जिएच्या डोक्यावर काळे काय, एकही केस उरला नव्हता. पण रीत म्हणजे रीत.

आणि या वर्षी पुन्हा चिंगमिंग आलं. शेजारचा कोनाडा अजून रिकामाच. सगळं मांडलं. मांडायला मी. पेल्यांपाशी, जिएच्या जागी, कोणी नाही. सासूबाईंनी दरडावलं, "च्या पा बोए?" आणि नाणी टाकली. दोन्ही काटा. थांबलो. पुन्हा टाकली. दोन्ही छापा. पुन्हा. पुन्हा. कधी नव्हे ते असं झालं. कोपीवरचा बर्फ विरघळला, डुकराच्या तुकड्यावरची चरबी पांढरी पडली, उदबत्त्या संपल्या, दुसऱ्या लावल्या. शेजारची मंडळी आपलं उरकून गेलीसुद्धा, जाताना आमच्याकडे बघत. नवरा कागदाचे कपडे घेऊन भट्टीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्याला नेमकं अशा वेळी कुठेतरी जाऊन उभं राहता येतं.

"काय झालंय याला?" सासूबाई म्हणाल्या. "विचारलं की सांगायचा. इतकी वर्षं."

आता बास, असं झालं मला. किती दिवस दातांखाली धरून ठेवलेलं होतं. मी खाली वाकून म्हटलं, "ते कधीच सांगत नव्हते, मा. तुम्ही डोळे मिटायचात आणि जिए नाणं फिरवायची. दर वर्षी. तुमच्यासाठी. तुमचा नवरा तुम्हाला एकदाही काही बोललेला नाही."

मला वाटलं, म्हातारी कोसळेल. खरं सांगायचं तर कोसळावी असंच वाटत होतं.

त्या नाणी गोळा करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मी काय बहिरी आहे? फरशीवर नाणं फिरलं की आवाज येतो. डोळे मिटले की जास्तच येतो." नाणी तळहातावर घेऊन त्या बघत राहिल्या. "त्या दिवशी मी तीनदा ऐकत बसले. तिसऱ्यांदा तर किती वेळ. ती फिरवेल, मग मी म्हणेन, बघ, तुझा बाप हो म्हणतो, झालं. आवाजच आला नाही. मूर्ख मुलगी."

"मग तोंडाने का नाही म्हणालात? एक शब्द? ती तेवढ्याचीच वाट बघत होती!"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "घरात सगळ्यांसमोर नाही म्हटलं होतं मी. मग इथे कशी हो म्हणू? तू उभी होतीस ना समोर, नाकावर राग घेऊन. तुझ्यासमोर?"

मी वाकलेली होते ती सरळ उभी राहिले.

सासूबाईंनी नाणी पुन्हा कपाळाला लावली आणि टाकली. एक नाणं गडगडत माझ्या पायापाशी येऊन पडलं. दोन्ही काटा. त्यांनी बघितलं नाही. हात जोडले, डोळे मिटले आणि मान किंचित माझ्या बाजूला कलती केली. पुटपुटत नव्हत्या. नुसत्या ऐकत होत्या.

दर्भाचा कावळा कसा करतात ते मला ठाऊक आहे. चपलेचं टोक लावलं असतं तरी नाणं उलटलं असतं, सासरे जेवले असते, आणि उन्हात बसलेली ती म्हातारी बाई घरी गेली असती. तिच्या मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या. मला तिची दया आली, आली नाही असं नाही. मी पाय मागे घेतला आणि तिने डोळे उघडायची वाट बघत उभी राहिले.